डावीकडून दुसरं

कोटाचं मधलं बटण तुटलं आणि मालती आंघोळीला गेलेली, म्हणून गंगाधरपंतांनी सुईदोऱ्यासाठी तिची फणेरपेटी स्वतःच उघडली. लग्नाला सोळा वर्षं झाली होती, पण त्या पेटीला त्यांचा हात कधी लागला नव्हता. मालधक्क्यावर रोज दुसऱ्यांच्या गाठी आणि खोकी उलटीपालटी करणारा हा माणूस, पण घरातली पेटी उघडताना उगीचच इकडंतिकडं बघू लागला. वरच्या कप्प्यात फणी, मेणाची डबी, गंगावन. खालच्या कप्प्यात सुईदोरा सापडला आणि त्याच्या शेजारी पांढऱ्या चिंधीची गाठ. चिंधी सोडायचं काही कारण नव्हतं. त्यांनी सोडली. आत एक जोडवं होतं. बाईमाणसाच्या पायाच्या बोटातलं, चांदीचंच. पण काळं पडलेलं, एका बाजूनं वितळून चपटं झालेलं, आणि एकच.

मोरीचं दार वाजलं. ओल्या पायांनी मालती स्वयंपाकघरात गेली. शहाबादी फरशीवर तिची जोडवी वाजत होती, दोन्ही पायांची, नेहमीसारखी. ती ऐकताना पंतांनी जोडवं मुठीत झाकलं. का, ते त्यांना सांगता आलं नसतं. जोडव्याला कुणी घाबरतं का? पण ते वितळलेलं होतं, आणि घरातल्या चुलीवर चांदी वितळत नाही एवढं त्यांना कळत होतं.

"अप्पा, ते ठेवा बघू," दारात वेणी घालत उभी असलेली प्रभा म्हणाली. अकरा वर्षांची पोर, पण अलीकडं आईसारखं बोलायला शिकली होती. "आई रागवेल."

"कुणाचं गं हे?"

"ते डोंगरावरचं आहे," ती म्हणाली, आणि लगेच तिनं जीभ चावली.

"कुठल्या डोंगरावरचं?"

"त्या बुद्धाच्या देवळाच्या. आता पुढचं विचारू नका. मी कुणाला सांगणार नाही म्हटलंय आईला."

पंतांनी चिंधीची गाठ होती तशी बांधली, पेटी मिटली, आणि बटण न लावताच ते घराबाहेर पडले. रस्त्याला गिरणीची पाळी सुटलेली होती. सरकीचा वास अंगावर घेऊन माणसं घराकडं चालली होती. त्या गर्दीतून उलट्या दिशेनं जाताना कोटाची दोन्ही टोकं त्यांनी हातानं धरून ठेवली होती. आज सोमवार. सोमवारी मालती संध्याकाळी सिद्धेश्वराला जाते. डोंगरावरचं. डोंगरावरचं म्हणजे पाच वर्षांपूर्वीचं.

पंतांच्या पोटात पाच वर्षं एक गोष्ट पडून होती आणि ती त्यांनी कुणाला सांगितली नव्हती: प्रयागला ज्या अस्थी त्यांनी मुलाच्या म्हणून सोडल्या, त्या मुलाच्याच होत्या की नाही हे त्यांना ठाऊक नव्हतं. आई गेली तेव्हा तिच्या उशाशी बसूनही त्यांनी ते सांगितलं नाही. मालतीला सांगायची तर छातीच झाली नाही. एखाद्याला दारूचं व्यसन असतं तसं त्यांना हे न सांगण्याचं जडलं होतं. रोज सकाळी उठायचं, दाढी करायची, आरशात बघायचं आणि आजही सांगायचं नाही.

वेणीमाधव नऊ वर्षांचा होता. वैशाखात त्याची मुंज झाली, तेव्हा गावात मार्शल लॉ होता. मांडवाला माणसं थोडी आणि दिवे मालवायची घाई. श्रावणात पटकी आली. दीड दिवस. पहिल्या दिवशी दुपारी पोरगा म्हणाला, "आई, पाय ओढताहेत," आणि दुसऱ्या रात्रीपर्यंत त्याच्यातलं सगळं पाणी निघून गेलं. डोळे आत गेले, बोटं सुरकुतली, आवाज गेला. शेवटी त्याला उचलून ओटीवर आणायचं होतं तेव्हा पंत पुढं झाले. आणि ते दचकले ते त्याच्या वजनानं. हातात काही आलंच नाही. नुसतं धोतर उचलावं तसा तो वर आला. वडीलमाणसांसमोर आपलं मूल कडेवर घ्यायची, त्याचे लाड करायची रीत त्या घरात नव्हती. आईच्या, अंबुबाईंच्या देखत तर नव्हतीच. पोरगं रांगत पायाशी आलं तर पंत मालतीला हाक मारत. त्यामुळं माधू किती जड, किती हलका, हे त्यांना कधी माहीतच नव्हतं. ते एकदा कळलं, आणि मग त्यांचे हात ते विसरायला तयार होईनात.

तिसऱ्या दिवशी अस्थी गोळा केल्या. मातीच्या लहान गाडग्यात भरून तोंडाला पांढरं फडकं बांधलं. ते गाडगं घरात न्यायचं नाही, जमिनीवर टेकवायचं नाही. प्रयागला नेईपर्यंत स्मशानातल्या कडुलिंबाच्या फांदीला टांगायचं. तसं टांगलं. त्या आठवड्यात त्या झाडाला फळं धरावीत तशी गाडगी लागली होती. पंतांनी खूण केली नाही. हमालांना आयुष्यभर ज्यांनी बजावलं, की बाबांनो, खूण नसलेला माल म्हणजे बेवारशी माल, गाठ कुणाची ते डांबरानं आधी लिहा, मग खांद्यावर घ्या; त्यांनी स्वतःच्या मुलाच्या गाडग्याला एक दोरा बांधला नाही. लोकांना हसायला बरं. पण त्या दिवशी त्यांना फक्त एवढंच दिसत होतं, की फडकं नवं कोरं आहे आणि त्याची खळ अजून गेलेली नाही.

रेल्वेचा पास मिळायला मार्गशीर्ष उजाडला. निघायच्या दिवशी टांगा ओढ्याच्या अलीकडं उभा करून ते एकटेच स्मशानात गेले. टांग्यात आई, मालती, सहा वर्षांची प्रभा आणि वळकट्या. गाडीला पाऊण तास होता. झाडाला अकरा गाडगी होती. अकराही फडकी चार महिन्यांच्या पावसापाण्यानं एकाच रंगाची झालेली.

"आपलं कुठलं रे, कोंडीबा?"

स्मशान राखणारा कोंडीबा मान वर करून बराच वेळ बघत राहिला. "ह्ये असंल बगा, सायेब. न्हाय तर त्ये पलीकडलं. मधी वारं लई सुटलं, चार खाली आली व्हती. मी परत बांदली. कुटली कुटं, त्ये काय ध्यानात न्हाय."

टांगेवाल्यानं हाक दिली. पंतांनी हात वर करून एकेक गाडगं खालून तळव्यावर तोललं. धक्क्यावर वजनाचा अंदाज घ्यायची सवय; पोत्याला हात लावला की ते शेरभर इकडंतिकडं सांगत. डावीकडून दुसरं सगळ्यांत हलकं होतं. लहान मूल, तेव्हा हलकंच असणार. हाताला ओळख पटली असं वाटलं. त्यांनी तेच सोडवलं, आणि टांग्यात चढताना मालतीनं दोन्ही हात पुढं केले तेव्हा काही न बोलता तिच्या हातांत दिलं.

धक्क्यावर पोचले तरी हेच चाललं होतं. चादरींच्या गाठी वॅगनमधून उतरत होत्या, हमाल तेलुगूत एकमेकांशी ओरडत होते, आणि पंत टेबलाशी बसून एका कागदाकडं बघत होते. डोंगर आठवत होता. खरं म्हणजे तो डोंगर कधी पुसलाच गेला नव्हता. नुसतं त्याच्याकडं बघायला लागू नये म्हणून ते पाच वर्षं पाठ फिरवून उभे राहिले होते.

भोपाळच्या पुढं एका चिमुकल्या स्टेशनात गाडी थांबली ती थांबलीच. पुढं मालगाडीचे डबे घसरलेले. पाच-सहा तास तरी हलायचं नाव नाही. स्टेशनमास्तरनं रेल्वेतला माणूस म्हणून ओळख दाखवली आणि सांगितलं, वर डोंगरावर बुद्धाचं देऊळ आहे, फार जुनं, बघून या. अंबुबाई नाही म्हणतील असं पंतांना वाटलं होतं. पण त्या म्हणाल्या, "बुद्ध म्हणजे विष्णूचा नववा अवतार की रे. चला, दर्शन घडतंय तर." गाडगं डब्यात खुंटीला एकटं ठेवून जाणं शक्य नव्हतं. देवळात नेणंही शक्य नव्हतं. म्हणून ते बरोबर निघालं, मालतीच्या हातांत. चढ फार नव्हता, पण दगडी वाट अंगावर येत होती. ऊन मार्गशीर्षातलं, तरी अंबुबाई दर वळणाला बसत. प्रभा पुढं पळायची आणि मागं वळून बघायची. मालती कुठंच बसली नाही. गाडगं तिनं पदराखाली कडेवर घेतलं होतं, आणि चढ आला की पोराला वर सरकवतात तसं वर सरकवत होती. ते बघवेना म्हणून पंत तिच्या पुढं चालू लागले. डावीकडून दुसरं, डावीकडून दुसरं, असं त्यांच्या पावलांना लागलं होतं.

वर माथ्यावर दगडी घुमट होते, पालथ्या घातलेल्या प्रचंड टोपल्यांसारखे; ना दार, ना खिडकी. बाजूला देऊळ. पिवळ्या वस्त्रातला एक सिंहली साधू पायरीवर बसून कसलीतरी पानं वाळत घालत होता. मालतीनं घुमटाकडं बघत विचारलं, "ह्याच्या आत काय असतं हो?"

"अस्थी. त्यांच्या साधूंच्या."

"पाण्यात नाही सोडत?"

"नाही. आत ठेवतात. दोन हजार वर्षं झाली म्हणे."

"म्हणजे आपलं माणूस कुठं आहे ते ठाऊक असतं," ती म्हणाली. स्वतःशीच म्हणाली, पण पंतांना ऐकू आलं. ते म्हणाले, "आपल्यात तसं नसतं." किती सहज म्हणाले.

देवळाबाहेरच्या कट्ट्यावर ती प्रभाला घेऊन बसली. गाडगं मांडीवर. अंबुबाई म्हणाल्या, "मांडीवर घेऊ नये गं ते."

"खाली टेकवायचं नाही ना, सासूबाई? मग ठेवू कुठं?"

 अंबुबाई पदर सावरून आत गेल्या, मागून पंत. आत गार अंधार आणि वटवाघळांचा वास. नाक फुटलेला एक मोठा बुद्ध डोळे मिटून बसला होता. अंबुबाईंनी हळदकुंकू वाहिलं आणि विष्णूची नावं पुटपुटायला लागल्या. पंत नुसते उभे राहिले. समोरच्या त्या चेहऱ्याला काही ऐकायची घाई नव्हती आणि काही सांगायचीही नव्हती. तिथंच त्यांनी ठरवलं. बाहेर जायचं आणि सांगायचं. डोंगर उतरायच्या आत. म्हणायचं, मालती, मला ओळखता आलं नाही. मी वजन करून उचललं. ती काय करील? रडेल, गाडगं टाकून देईल, तोंड बघणार नाही. करू दे. ते बाहेर आले तेव्हा कट्टा रिकामा होता. मालती त्या मोठ्या घुमटाला प्रदक्षिणा घालत होती, हळूहळू, भिंतीला एक हात लावून. प्रभानं तिचा पदर धरला होता. ती वळणावरून पुढं आली, आणि तिचा चेहरा इतका निवांत दिसला, की पंतांचे शब्द जागीच विरले. मन शांत झालंय तिचं, आता कशाला उकरायचं? भेकड माणसाला असं कारण नेहमी वेळेवर सापडतं. उतरताना त्यांच्या एक गोष्ट ध्यानात आली होती, आली आणि सोडून दिली: गाडगं आता तिच्या कडेवर नव्हतं. दोन्ही हातांत, छातीपासून जरा दूर धरलेलं होतं, दुसऱ्याची वस्तू जपून न्यावी तसं.

आणि प्रयाग. नाव पाण्यात हलत होती, पंड्या नाव-गोत्र विचारत होता, पंत सांगत होते: वेणीमाधव गंगाधर. गाडगं सोडायच्या आधी मालतीनं एका बोटानं त्याला हळद लावली, मग कुंकू. पाठोपाठ हिरवा खण, नारळ, काचेच्या बांगड्या पाण्यात सोडल्या. अंबुबाई म्हणाल्या, "वेणीदान करतीय, करू दे." सवाष्ण बाईनं त्रिवेणीवर वेणी द्यायची असते हे पंतांनाही ठाऊक होतं. फक्त वेणीदानात गाडग्याला कुंकू लावत नाहीत.

"मास्तर," समोर हमाल उभा होता. "ह्या गाठीवर खूनच न्हाय. कुनाची म्हनायची?"

पंतांनी वर बघितलं. गाठ जमिनीवर पडली होती, चारी बाजूंनी कोरी. त्यांना एकदम सगळं दिसलं. आधी दिसत होतंच, आता त्याकडं न बघण्याची सोय राहिली नाही. ती कट्ट्यावर बसली, त्यांची पाठ वळली तशी तिनं फडकं सोडलं. एखादं हाड काढून त्या दगडांत कुठंतरी ठेवायचं असेल तिला, म्हणजे कुठं आहे ते ठाऊक राहील. हात आत गेला आणि बोटांना जोडवं लागलं. कुणाच्यातरी सुजलेल्या पायातून निघालं नसेल, म्हणून बरोबर जळलेलं. कुणाची तरी बायको. तिनं फडकं पुन्हा बांधलं, त्या बाईला प्रयागपर्यंत नेलं, तिची ओटी भरली आणि तिला पाण्यात सोडलं. शेजारी नवरा मुलाचं नाव घेत होता, ते तिनं घेऊ दिलं. परत येतानाच्या दोन दिवसांच्या गाडीत ती त्यांना दशम्या वाढत होती. आणि त्यानंतर पाच वर्षं.

त्यांनी टोपी उचलली आणि पोटात दुखतंय म्हणून सांगून ते निघाले. चार वाजून गेले होते. सिद्धेश्वराच्या तळ्याच्या काठानं ते देवळात गेले, सभामंडपात बघितलं, मागं बघितलं. मालती नव्हती. ती तिथं नसणार हे त्यांना धक्क्यावरून निघतानाच कळलं होतं बहुतेक. पाय आपोआप गावाबाहेर वळले.

ओढ्याला पाणी नव्हतं. कोंडीबा झोपडीपुढं काथ्या वळत बसला होता. म्हातारा झाला होता. पंतांना बघून तो उठला.

"बाईसाब तितं हायती, झाडामागं."

"नेहमी येतात?"

"दर सोमवारी की. तुमी परयागास्नं आला तवापास्नं. तुमास्नी ठावं न्हाय व्हय?" तो जरा घुटमळला. "ऱ्हायलेली चार गाडगी कुनी न्यायाच आलं न्हाय. मानसंच ऱ्हायली नसतील मागं. मी नदीला सोडनार व्हतो, तर बाई म्हनल्या, पान्यात नगं, हितंच ऱ्हाऊ द्या. मग आमी म्हातारा-म्हातारीनं दगडं आनून रचली. कसं रचायचं त्ये त्यास्नीच ठावं."

झाडाला आता दोनच गाडगी होती, नव्या फडक्यांची. मागं कमरेएवढा एक ढीग होता, गोल, वरून घुमटासारखा बसवलेला, चुन्यानं सारवलेला. पावसानं चुना जागोजाग गेला होता. मालती त्याला प्रदक्षिणा घालत होती, एक हात दगडांना लावून. पंत उभे राहिले. ती वळून समोर आली. तिला नवल वाटलं नाही, की वाटलं ते तिनं दाखवलं नाही.

"बटण तुटलंय की," ती म्हणाली.

"सुईदोऱ्यासाठी तुझी पेटी उघडली."

ती थांबली. दगडांवरचा हात तसाच राहिला.

"तुला डोंगरावरच कळलं होतं," पंत म्हणाले.

"हो."

"बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलाल म्हणून थांबले. डोंगर उतरताना थांबले, गाडीत थांबले. प्रयागला वाटलं, आता तरी नाव घेताना अडखळाल. तुम्ही गोत्रासकट सांगितलंत." तिच्या आवाजात राग नव्हता, तो कधीतरी वापरून संपला असावा. "मग त्या बाईला तरी नीट पोचवावं म्हटलं. तिचंही कुणी असेलच की."

"ह्या चारांत माधू आहे?"

"कुणाला ठाऊक? असला तर आहे. नाही तर कुणीतरी आपलं म्हणून नेला असेल त्याला, दुसऱ्याच कुणाचं नाव घेऊन सोडला असेल."

पलीकडून होटगीकडं जाणाऱ्या गाडीची शिटी आली. पंतांना वाटलं, आता सगळं सांगून मोकळं व्हावं, निदान एवढं तरी तिला कळावं, की आपण अगदीच डोळे मिटून उचललं नव्हतं.

"मी तोलून बघितली होती सगळी," ते म्हणाले. "सगळ्यांत हलकं होतं ते घेतलं. माधू हलका होता म्हणून."

मालतीनं त्यांच्याकडं बघितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिचे डोळे भरून आले.

"हलका नव्हता हो तो," ती म्हणाली. "चांगला जड होता. कडेवर घेतला की कंबर भरून यायची माझी. तुम्ही त्याला एकदाच उचललंत, तेव्हा त्याच्यात काही राहिलं नव्हतं."

तिनं पदरानं तोंड पुसलं आणि उरलेली प्रदक्षिणा पुरी करायला ती पुढं निघाली. गंगाधरपंत तिथंच उभे राहिले. कोटाची टोकं त्यांच्या हातांतून सुटली होती, आणि ते दोन हात आता कुठं ठेवावेत हे त्यांना समजत नव्हतं.